कोबेचे रविवार

फडकं उलटं करून मी त्यातलं पाणी परत झऱ्यात सोडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "तुमी चिकोडीकडच्या काय?"

माझ्या हातातला तांब्या सुटता सुटता राहिला. साल १९३६, महिना मार्च, जागा जपानातल्या कोबे शहराच्या वरचा नुनोबिकीचा धबधबा. तिथे चिकोडीचं नाव कोण काढणार? वळून बघितलं, तर कॉलेजच्या काळ्या कोटातला एक उंच मुलगा उभा होता. कान मोठे. डोक्यावर जपानी विद्यार्थ्यांची टोपी, तीही दोन आकड्यांनी लहान. प्रथमदर्शनी प्रेम वगैरे काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या टोपीखाली ते शक्यच नव्हतं.

"कशावरनं म्हणता?" मी विचारलं.

"फडकं उलटं धुतलंसा. पाण्यातलं जीव पाण्यात सोडलासा. हे आपल्यातलीच मानसं करत्यात. आनि पायात निपाणीच्या बाजारातली चप्पल हाय. करकर वाजती... मघापास्नं ऐकतोय."

"मघापास्नं?"

तो गडबडला. कान लाल झाले. मोठ्या कानांचा हा एक तोटा असतो, काही लपत नाही.

आम्ही जैन. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, हे आईच्या दुधाबरोबर शिकलेलं. तिथल्या लोकांना वाटत होतं की ही नऊवारीतली परकी बाई एवढ्या सुंदर धबधब्यापाशी धुणं धुवायला बसली आहे. चार-पाच जण माझ्याकडे बघून तोंडावर हात ठेवून हसत होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

माझं नाव धोंडूबाई. माझा थोरला भाऊ चंद्रप्पा, आमचा अण्णा, मुंबईच्या एका कापड कंपनीच्या कोबेतल्या शाखेत नोकरीला होता. गुणाबाई वहिनी गरोदर होती आणि आम्हाला आई नव्हती, म्हणून आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला बोटीत बसवून दिलं. वय एकोणीस, लग्न राहिलेलं, शिक्षण बेळगावात मामाकडे राहून इंग्रजी चौथीपर्यंत. बाळंतपण आटोपून परत यायचं आणि मग उजवायचं, असा बेत ठरलेला होता. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारल्याचं मला काही वाटलंही नव्हतं.

त्या दिवशी माझ्याबरोबर दोघं होती. एक भरमा, बेळगावजवळच्या मच्छे गावचा मराठा गडी, अण्णाच्या गोदामात काम करायचा. दुसरी किमि-सान, आमच्या घरमालकिणीची शाळामास्तरीण मुलगी. वहिनीला चालवत नव्हतं आणि अण्णाला रविवारी झोपायचं असायचं, म्हणून मला शहर दाखवायचं काम या दोघांवर पडलं होतं. भरमाने त्या मुलाचं बोलणं ऐकलं आणि थेट मिठीच मारली.

"निपाणीचा? आरं तिच्या मारी! नाव काय म्हनायचं?"

"पद्मराज पाटील. ओसाकात काचकाम शिकतोय. हितं रविवारी फिराय येतो."

"एकटाच?"

"आतापतोर एकटाच," तो म्हणाला, आणि माझ्या चपलेकडे बघितलं.

त्या रविवारपासून आम्ही चौघं झालो.

एप्रिलात किमि-सान आम्हाला चेरीची फुलं बघायला घेऊन गेली. ही एक अजब गोष्ट मी तिथे पाहिली. अख्खं गाव शिदोऱ्या बांधून निघालं होतं, कशासाठी, तर फुलं बघायला. देव नाही, उरूस नाही, बाजार नाही. झाडाखाली चटया टाकायच्या आणि वर बघत बसायचं. मी किमि-सानला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे तंबाखूला फूल आलं की खुडून टाकतात. तिने डोळे विस्फारले.

"व्हाय?"

"फूल ठेवलं तर पान बारीक ऱ्हातं," पद्मराजने मराठीतच उत्तर दिलं. मग माझ्याकडे वळला. "आपल्याकडं फुलाकडं बघायला कुनाला येळ हाय?"

"तुमाला हाय वाटतं. मघापास्नं बघताय की."

"मी फुलाकडं कुठं बघतोय..."

वाक्य तिथेच राहिलं. भरमा तांदळाचे गोळे खात होता, तो थांबला. किमि-सानला शब्द कळला नाही, पण बाकी सगळं कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. मी चटईची काडी उपसत बसले, एक उपसली, दुसरी उपसली. शेवटी किमि-सानने चटई माझ्या हाताखालून ओढून घेतली, कारण ती तिच्या आईची होती.

आमच्या सहलींना एक मोठी अडचण होती. सूर्य मावळला की आम्ही दोघं जेवत नसू. पाच वाजत आले की भरमा ओरडायचा, "चला, जैनांची दुकानं बंद व्हायची येळ झाली." मग जिथे असू तिथे डबे उघडायचे. कोबेच्या पाठीला डोंगर लागूनच आहे. एकदा माया नावाच्या डोंगराच्या कुशीत असताना ऊन एकदम गेलं.

"मावळला," मी डबा बंद केला.

"कुठं मावळलाय? डोंगराआड गेलाय नुसता."

"दिसत न्हाई म्हंजे मावळला."

"मग ढग आलं की तुमी उपाशीच ऱ्हाता व्हय? पावसाळ्यात कसं करता?"

"तुमाला भूक लागली असंल तर खावा की. माझ्या नावावर पाप नको."

"एकट्यानं खाल्लं तर पाप. दोघांनी खाल्लं तर... निम्मं निम्मं."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही. तो उठला, शेजारच्या उंच खडकावर चढला, कपाळावर हात धरून पश्चिमेकडे बघितलं आणि ओरडला, "हाय! अजून बोटभर हाय! जेवा लवकर!" आणि मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून दशमी आणि शेंगाची चटणी खाल्ली. खडकावर चढून स्वतः बघायला मला काही कुणी अडवलं नव्हतं. पण मी बघितलं नाही. त्या दिवशी घरी येऊन दिवा लावताना माझ्या लक्षात आलं की हा माणूस मला आवडायला लागला आहे. मला थोडा रागच आला. मी इथे बाळंतपण करायला आले होते.

जूनमध्ये तिकडे झिमझिम सुरू झाली, महिनाभर थांबेना. आम्ही कोबेजवळ सुमा नावाच्या किनाऱ्यावर गेलो होतो. छत्र्या दोनच होत्या, तेलकट कागदाच्या. किमि-सानने भरमाचा दंड धरून त्याला आपल्या छत्रीखाली ओढलं आणि ती दोघं भराभरा पुढे निघून गेली. उरलेल्या छत्रीखाली मी डाव्या कडेला, तो उजव्या कडेला. मधे तिसरं माणूस सहज मावलं असतं. छत्री पूर्ण माझ्यावर होती. त्याचा कोट भिजून त्याला ओल्या मेंढीसारखा वास यायला लागला होता.

"भिजताय की," मी म्हटलं.

"हं."

"इकडं सरका."

"सरकू?"

"मी काय दोनदा म्हनू?"

तो सरकला, पण एक वीतच. तरी त्याच्या बाहीचं पाणी माझ्या बाहीवर उतरायला लागलं. आम्ही समुद्राकडे बघत चालत राहिलो. तो काचेबद्दल सांगत होता. तापलेली काच फुंकताना श्वास रोखला तर काम बिघडतं, सोडला तरी बिघडतं, असं काहीतरी. मी ऐकत नव्हते. माझाच श्वास कुठे होता कुणाला ठाऊक.

जुलैत वहिनीला मुलगा झाला. अण्णा खुशीत होता. रविवारी पद्मराज बाळ बघायला आला, काचेचा छोटा हत्ती घेऊन. अण्णाने त्याला बसवून घेतलं, गाव विचारलं, शेती विचारली, पाटीलकी किती पिढ्यांची ते विचारलं. तो गेल्यावर अण्णा वहिनीला म्हणाला, "पाटील हाय. चांगलं घर दिसतंय. आप्पांना लिहितो." मी आत बाळाची दुपटी घडी करत होते. एकच दुपटं चार वेळा घडी केलं.

आता इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या जैनांत चतुर्थ आणि पंचम असे दोन आहेत. देव तेच, व्रतं तीच, पाणी गाळायचं फडकंही तेच. पण मठ वेगळे, स्वामी वेगळे आणि सोयरीक होत नाही. चतुर्थ बहुतेक शेतकरी, पंचम बहुतेक व्यापारी. गावात हे कुणी कुणाला विचारत नाही, कारण विचारायची वेळच येत नाही. कुणाची गल्ली कुठली, यावरूनच ते कळतं. कोबेत कुणाची गल्ली? तिथे आम्ही सगळे नुसते 'इंदो-जिन', हिंदुस्थानातले. त्याच्या गावची पाटीलकी चतुर्थांची, हे अण्णाला माहीत होतं. आम्हीही चतुर्थ. त्याने दोनात दोन मिळवून चार केले. आणि माझे मामा बेळगावच्या खडेबाजारातले कापडाचे व्यापारी, हे ऐकून पद्मराजनेही मनात धरलं की ही व्यापाऱ्यांची, म्हणजे आपल्यासारखी पंचमच. त्याच्या गावात पाटलांची दोन घरं होती, एक पाटीलकीवाल्या चतुर्थांचं आणि एक पद्मराजचं, पंचमांचं. विचारलं कुणीच नाही. असली चूक करायला आमच्याच भागातलं असावं लागतं.

आप्पांचं उत्तर सप्टेंबरात आलं. त्यांनी निपाणीच्या बाजारात चौकशी केली होती. पत्र चारच ओळींचं होतं. मुलगा पंचम आहे. विषय सोडावा. निपाणीचं तंबाखूवाल्यांचं आपल्यातलं स्थळ आलं आहे, माणसं खानदानी आहेत. धोंडूला थंडीच्या आत पाठवून द्यावं.

अण्णाने पत्र वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. "आता रविवार बंद," एवढंच म्हणाला. तो वाईट नव्हता. दोन दिवस त्याला माझ्याकडे बघवलंसुद्धा नाही.

भरमाकरवी पद्मराजला कळलं. महिनाभर तो दिसला नाही. मला वाटलं, येईल. आला नाही. मग वाटलं, निदान चिठ्ठी येईल. तीही नाही. त्या महिन्यात मी रडले, हे सांगायला लाज कसली? किमि-सानच्या खांद्यावर रडले. तिला कारण सांगायचा प्रयत्न केला. चतुर्थ म्हणजे चौथा, पंचम म्हणजे पाचवा. तिने बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि विचारलं, "ओन्ली वन डिफरन्स?"

बोटीच्या दिवशी तो धक्क्यावर आला. अण्णा सामान चढवून घेत होता, आम्हाला जेमतेम पाच मिनिटं होती. टोपी हातात होती. टोपीशिवाय तो बरा दिसत होता, हे मला त्या दिवशी कळलं. फार उशिरा कळलं.

"धोंडूबाई, मी..."

"काय?"

"मी एक..."

बोटीचा भोंगा झाला. अण्णा हाका मारायला लागला. पद्मराजने एकदा बोटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बोट लागली तर लिंबू चोखत ऱ्हावा," तो म्हणाला.

दोन हजार कोसांवरून आलेल्या मुलीला निरोप देताना माणसाने हे बोलावं! मी जिना चढून वर गेले. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तेही जमलं नाही. तो अजून तिथेच उभा होता, हातात टोपी धरून, पावसात. सिंगापूर येईपर्यंत मी त्याच्यावर रागावले होते. कोलंबोपर्यंत लिंबू चोखत होते.

घरी पोचले आणि पंधराव्या दिवशी निपाणीचे पाहुणे आले. आप्पांनी सोपा सारवून घेतला होता. मुलगा मागे टेकून बसला होता, बरा होता, त्याचा काही दोष नव्हता. त्याची आत्या मालुबाई मात्र बोलकी होती. तिने मला चालायला लावलं, गव्हाचे दाणे निवडायला लावले, जपानात बायका काय नेसतात ते विचारलं. मी सगळं केलं, सगळं सांगितलं. मान खाली, पदर डोक्यावर. ठरल्यातच जमा होतं. सुपारीचं ताट मागच्या दारात तयार ठेवलेलं मला दिसत होतं. ती फुटली की संपलं, हे मला माहीत होतं. आणि काय करावं हे मात्र माहीत नव्हतं.

तेवढ्यात मालुबाई हसून म्हणाली, "जपान बघून आलीस गं, पर नाव घ्याला येतंय का? का इसरलीस? घे बघू एक आमच्या पोराचं. हितं समदी घरचीच हायेत."

बायका खिदळल्या. लग्नाआधी उखाणा कोण घेतं? थट्टाच होती ती. नको म्हणून लाजले असते तरी चाललं असतं, उलट शोभलं असतं. मी मान वर केली. आप्पांकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर तोंडून शब्द फुटला नसता.

"कोबेच्या बंदरात बोटींची गर्दी दाट,
पद्मराजांचं नाव घेतलं, सोडा माझी वाट."

मालुबाईने आपल्या भाच्याकडे बघितलं. त्याचं नाव भूपाल. ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "चला. हिनं नाव घेतलंय." तिच्या आवाजात राग नव्हता, याचं मला आजही नवल वाटतं. उंबरा ओलांडताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, क्षणभरच, आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत उखाणा चिकोडीत पोचला, दुसऱ्या दिवशी निपाणीत.

पुढचे तीन दिवस आप्पा नुसते जेवायला घरात यायचे. मी ताट वाढायची, ते जेवायचे, उठायचे. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी जेवता जेवता त्यांनी विचारलं, "त्यानं तुला इचारलं व्हतं?"

"न्हाई."

"वचन दिलतं?"

"न्हाई."

"मग गं? उद्या तो न्हाई म्हनला तर?"

तीन रात्री मीही हेच विचारत होते. मी ज्याचं नाव घेतलं त्याने मला लिंबाशिवाय काही सांगितलं नव्हतं.

"आप्पा," मी म्हटलं, "आता तुमी इचारा."

त्यांचा घास हातातच राहिला. मग ते हसले की खोकले ते मला नीट कळलं नाही. पाण्याचा तांब्या मी पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी ते चिकोडीला जाऊन टपालाचा कागद घेऊन आले आणि अख्खी दुपार लिहीत बसले. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. पाकिटावर पत्ता मात्र मला घालायला लावला, कारण ओसाकाचं स्पेलिंग त्यांना येत नव्हतं.

त्यानंतरचे अडीच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. तंबाखूची पानं सुकून उतरली. लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पाठीमागे उखाणा म्हणत होते. पोरींनी त्याला चाल लावली होती. पाणवठ्यावर गेले की दोघी-तिघी एकदम गप्प व्हायच्या. मी घागर भरायची, निघायची. तो नाही म्हणाला तर या गावात मी म्हातारी होईपर्यंत हेच ऐकणार होते. तरीही एकदासुद्धा मला वाटलं नाही की नाव घ्यायला नको होतं. ते मी पुन्हा घेतलं असतं.

पत्र आलं ते माघात. आप्पा सोप्यात बसले, चष्मा लावला आणि मला समोर बसवून मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या दोन पानांत काचेची भट्टी होती. मी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या पानावर त्याने लिहिलं होतं:

'आपल्या पत्राआधीच मी माझ्या वडिलांना दोनदा लिहिलं होतं. ते दोन्ही वेळा नाही म्हणाले. त्यांची परवानगी नसताना तुमच्या मुलीला शब्द देणं मला बरं वाटलं नाही, म्हणून धक्क्यावर गप्प राहिलो. तुमच्या मुलीने कुणालाच विचारलं नाही, म्हणून तिचं बोलून झालं. तिच्या उखाण्याची बातमी निपाणीत माझ्या घरी पोचली, हे मला घरच्या पत्रातून कळलं. माझी आई वडिलांना म्हणाली की चारचौघांत नाव घेतलेल्या मुलीला आता आपण सोडायचं म्हटलं तर आपल्या घराला कोण मुलगी देणार? वडील अजून हो म्हणत नाहीत, पण नाही म्हणायचे थांबले आहेत. तुम्ही एकदा निपाणीला जाऊन त्यांना भेटावं. मी वैशाखात येतो. ते काही म्हणोत, मी येतो ते लग्न करायलाच.'

आप्पांनी चष्मा काढला. कागद उलटा करून बघितला, मागे काही आहे का म्हणून. काही नव्हतं.

"तीन पानं लिवलीत आनि कामाचं येवढंच. ह्यो मानूस भित्रा हाय गं, धोंडू."

"व्हय आप्पा," मी म्हटलं. "पर माझा हाय."

आप्पा उठले, खुंटीवरचा पटका काढला आणि निपाणीची गाडी किती वाजता आहे ते विचारायला बाहेर पडले.